पिंपाची म्हैस

त्या साली शिमगा उलटला आणि रहाटणीत गुरांची बुळकांडी शिरली. आधी खालच्या आळीत एक बैल रवंथ करीनासा झाला, मग जनावरांच्या डोळ्यांतून पाणी गळू लागलं, तोंडं आतून सोलली आणि गोठ्यागोठ्यातून घाण वास सुटला. माणसं पहाटे उठून आधी गोठ्यात डोकावायची आणि मगच तोंड धुवायची.

हिंदुरावाच्या दावणीला एकच दुभती म्हैस होती. तिनं वैरणीवरून तोंड फिरवलं तेव्हा त्याची बायको दुर्गाबाई उंबऱ्यातच खाली बसली. तिनं म्हशीकडं पाहिलं आणि मग अंगणाच्या दुसऱ्या टोकाला. तिथं दुसरी म्हैस उभी होती. तिला रोग नव्हता की राई नव्हती. ती लोखंडाची होती.

अंगण दोन भावांचं सामाईक होतं. हिंदुराव थोरला, शेती बघायचा. धाकटा ज्योतीराम दापोडीला मोटारी दुरुस्त करायच्या कारखान्यात जायचा. पिंपळे गावावरून नदी उतरताना सायकल खांद्यावर घ्यायचा आणि पलीकडं गेला की पुन्हा टांग मारायचा. त्याची बायको शालन. लेक सासरी नांदायला गेली आणि घरात दोघंच उरली, तेव्हा हा नाद लागला.

नाद लावला शालननंच. एकदा परसात मोडका फाळ आणि बिनमुठीचा विळा शेजारी शेजारी पडलेले तिला दिसले. ती भांडी घासता घासता थांबली आणि म्हणाली, "अवो, बघा की. बगळा हाय ह्यो."

ज्योतीरामनं पाहिलं. विळ्याची मान, फाळाची चोच. त्याला आधी दिसला नव्हता, आणि आता दिसल्यावर नजरेतून जाईना. सुट्टीच्या दिवशी त्यानं भैरू लोहाराच्या भट्टीवर फाळ तापवला, भोक पाडलं, रिबीट ठोकलं आणि बगळा उभा केला. पुढं कोंबडा झाला, मग साखळीच्या शेपटीचं कुत्रं झालं. नजर शालनची आणि हात ज्योतीरामचा. कारखान्यात टाकून द्यायचं लोखंड तो साहेबाला विचारून, गेटवर दाखवून आणायचा. संध्याकाळी शालन ते भुईवर पसरून त्याच्याभोवती फिरायची, तांदूळ निवडावेत तसं लोखंड निवडायची. गंज चढला की दोघं विटकरीनं घासायची, तेल लावायची. ढिलं झालेलं पुन्हा ठोकायची. कुणब्याची सून भात्याला बसते म्हणून बाया तिला पाणवठ्यावर 'लोहारीण' म्हणायच्या. शालन कळशी उचलायची आणि चालू लागायची.

म्हैस झाली ती ट्रकच्या पाट्यांमुळं. मोटारीच्या चाकावर वाकडे पोलादी पाटे असतात, त्यांतले दोन ज्योतीरामनं आणले होते. शालननं ते डोक्याच्या दोन बाजूंना धरले आणि मान हलवली. नवरा पोट धरून हसला. मग सडकेवर टाकून दिलेलं डांबराचं पिंप पोटाला मिळालं, पायांना आसाचे तुकडे मिळाले, नाकपुड्यांना दोन जाड वायसर, नटाखालच्या चकत्या. वर्षभर खपून उभी केली. काळी, पोटानं सुटलेली, मान जरा तिरकी. दुरून बघणाऱ्याला ती आता शेण टाकेल असं वाटायचं.

दुर्गाबाईची म्हैस तिसऱ्या दिवशी मेली. ती ओढून नेली तेव्हा हिंदुराव गोठ्याच्या खांबाला पाठ लावून उभा होता. त्याच्या हातात तिचं दावं होतं आणि ते कुठं ठेवावं हे त्याला सुचत नव्हतं.

शालन चहा घेऊन गेली. दुर्गाबाईनं कपाला हात लावला नाही.

"शालन, तुझी बरी हाय," ती म्हणाली. "तिला काय व्हत न्हाई."

"आक्का, लोखंडाला काय व्हणार?"

"त्येच म्हनते मी. तिच्यावरचं आमच्या म्हशीवर आलं."

हे बोलणं अंगणातच राहतं तर निभावलं असतं. पण ते चावडीवर गेलं, आणि चावडीवर आधीच मरीचा गाडा काढायचं ठरलेलं होतं. रोगराई आली की गाडा ओवाळून गावच्या शिवेबाहेर ढकलायचा ही जुनी रीत. गाड्यात काय घालायचं एवढाच सवाल होता. कुणीतरी म्हणालं, गाडा कशाला हवा, रोग मूर्तिमंत उभाच आहे की.

दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं अंगणात आली. ज्योतीराम कामाला गेला होता. मालोजी पाटील पुढं होते. पाटील वाईट माणूस नव्हते. त्यांचे स्वतःचे दोन बैल गेले होते आणि ते झोपलेले दिसत नव्हते.

"सूनबाई, म्हस न्यायची हाय," ते म्हणाले.

शालननं पदर डोक्यावर ओढला. "ह्ये घरी न्हाईत, पाटील. त्येंना येऊ द्या."

"रोग कुणाची वाट बघतोय व्हय? काल तीन गेली."

शालननं दिराकडं पाहिलं. हिंदुरावानं मान खाली घातली. ओढायला सोल, जाड दोर आणले होते. चार गडी पिंपाला हात घालायला पुढं झाले, तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, ओवाळल्याबिगर हलवायची नाही. आणि ओवाळायचं ते जिनं घडवली तिनं.

दुर्गाबाईनंच ताट आणलं. हळद, कुंकू, लिंबं, दहीभात, पेटती वात. शालनच्या हातात ताट दिलं आणि बाजूला झाली. शालनच्या मनात आलं, ताट भुईवर ठेवावं आणि आत जाऊन कडी लावावी. मग कडी मोडली असती आणि म्हैस गेलीच असती. ती पुढं झाली. म्हशीचं कपाळ म्हणजे जुन्या नांगराचा पत्रा, तो तिनंच दहा पत्र्यांतून वेचला होता. त्यावर तिनं कुंकू लावलं. ताट फिरवलं. वाऱ्यानं वात दोनदा विझली आणि दोनदा तिला पुन्हा लावायला लावली.

"म्हन, ईडा जाऊ दे," मागून एक म्हातारी म्हणाली.

शालननं म्हटलं. शब्द नीट उमटला नाही, तर म्हातारीनं पुन्हा म्हणायला लावलं.

गडी ओढू लागले. पिंप खडखडत, काट्यांची कुपाटी मोडत बाहेर पडलं. लोकांनी मागं वळून बघायचं नसतं म्हणून सगळी माणसं पुढं बघत चालली. शालन एकटी अंगणात उभी राहून बघत राहिली.

संध्याकाळी ज्योतीराम आला. सायकल भिंतीला लावली. रिकाम्या जागी भुईत चार खळगे पडलेले होते ते त्यानं पाहिले.

"कुनी नेली?"

"समद्यांनी."

"तू काय केलंस?"

"ववाळली."

त्यानं हातपाय धुतले. जेवायला बसला, अर्धी भाकरी ठेवून उठला. मग बाहेर जाऊन खळग्यांशेजारी उकिडवा बसून राहिला. शालनला वाटलं, हा भावाच्या दारात जाऊन चार शब्द बोलेल. तो गेला नाही. ती आतून म्हणाली, "काय झालं त्ये झालं. सुट्टीला जाऊन बघून येऊ." तेव्हा कुठं तो आत आला.

त्याच आठवड्यात गुरांचा डॉक्टर आला. निरोगी जनावरांना सुया टोचल्या, आजारी वेगळी बांधायला लावली. हळूहळू मरण थांबलं. कुणी म्हणालं सुयांनी थांबलं. बहुतेक म्हणाले, शिवेबाहेर गेली म्हणून थांबलं. आणि शिवेबाहेर घालवलेली वस्तू परत आणायची नसते, हे लहान पोरालाही ठाऊक होतं.

शीव म्हणजे ओढा. ओढ्यापलीकडं दुसऱ्या गावाची एक वस्ती होती. सुट्टीच्या दिवशी दोघं तिकडं गेली तेव्हा म्हैस सापडायला वेळ लागला नाही, फक्त ती म्हैस राहिली नव्हती. वस्तीच्या माणसांनी तिला घणांनी, दगडांनी फोडली होती आणि डबक्यात लोटून दिली होती. पिंप एका अंगानं चेपलं होतं. एक पाय सुटून काठावर पडला होता. डोकं चिखलात, तोंड खाली.

ज्योतीराम गुडघाभर पाण्यात उतरला. शालननं लुगड्याचा काचा मारला आणि मागोमाग उतरली. दुपारपर्यंत दोघांनी चिखलात हात घालून एक एक तुकडा बाहेर काढला. शालनची दोन नखं उचकटली. एक शिंग काही केल्या सापडेना.

पलीकडच्या काठावर मालोजी पाटील येऊन उभे राहिले. कुणीतरी सांगितलं असणार.

"ज्योतीराम," त्यांनी हाक मारली. "वढा वलांडून ती आनायची न्हाई. आधीच सांगून ठेवतो."

"लोखंड हाय पाटील."

"लोखंडच हाय तर दुसरं कायतरी कर त्येचं. मोर कर. घोडा कर. म्हस कशापायी?"

ज्योतीराम कमरेवर हात ठेवून उभा राहिला. मग हळूच बायकोला म्हणाला, "म्हन्त्यात त्ये खोटं न्हाई. घोडा व्हईल ह्याचा."

शालन डोकं धूत होती. म्हशीचं. चिखल निघाला तसं कपाळावरचं कुंकू निघालं. तिनं मान वर केली नाही.

"तुमी करा घोडा. मी न्हाई भात्याला बसायची."

"अगं पर..."

"ती आपल्या दारातनं गुन्हेगारावानी गेली. माझ्या हातानं घालवली. आता घोडा केला म्हंजी ती गुन्हेगार हुतीच, असं आपुनच म्हनल्यागत झालं. मोडलं त्येच जोडायचं."

"आनायची कशी पर?"

"आधी उभी तर करू. हितंच करू. हितं काय पाटलाची शीव न्हाई."

ज्योतीरामनं ओढ्याच्या पाण्यात हात धुतले. मग पलीकडं तोंड करून पाटलांना म्हणाला, "हितंच जोडतो, पाटील. वलांडत न्हाई." पाटलांनी दोघांकडं पाहिलं आणि ते निघून गेले.

आता भाता हवा होता. भैरू लोहारानं ज्योतीरामला भट्टीवर बघितलं आणि ऐरणीवरचं काम न थांबवता म्हणाला, "मागू नगंस. गाव माझं बलुतं बंद करंल." चार ठोके मारले. मग म्हणाला, "जुना फाटका भाता सकाळी उकिरड्यावर टाकलाय. उकिरडा काय माझ्या बापाचा न्हाई."

शालननं तो भाता आणला. जुन्या मोटेचं कातडं सापडलं त्याची ठिगळं कापली आणि दाभणानं शिवली. ओढ्याकाठी खड्डा खणून भट्टी केली, बाभळीचा कोळसा आणला. आणि मग दर सुट्टीला, आणि ज्योतीरामची पहिली पाळी असेल त्या दिवशी दुपारनंतरही, दोघं तिथं दिसू लागली.

ऊन असं की घणाचा दांडा सावलीत ठेवावा लागायचा. शालन भाता ओढायची, ज्योतीराम पत्रा तापवायचा, ती सांडशीनं धरायची आणि तो ठोकायचा. पिंपाचा चेपका आतून ठोकून काढायचा तर माणूस आत शिरायला हवा. ज्योतीरामचे खांदे मावेनात, म्हणून शालन शिरली. आत डांबराचा वास आणि भाजणारा पत्रा. ती आतून लाकडाचा ठोकळा धरायची, तो बाहेरून कडा ठोकायचा, आणि प्रत्येक ठोक्याला तिच्या दातांत झिणझिण्या यायच्या. बाहेर निघाली की ती काळी आणि ओलीचिंब असायची. ज्योतीराम तिच्यावर ओढ्याचं पाणी ओतायचा. एकदा त्यानं विचारलं, "आत काय दिसतं?"

"तुमच्या घणाची भोकं," ती म्हणाली. "हळू मारा जरा."

वस्तीवरची माणसं लांबून बघायची. एक दिवस एक बाई तरातरा चालत आली. विमलबाई तिचं नाव, तिच्याच दादल्यानं पहिला घण घातला होता.

"हितनं उचला ही," ती म्हणाली. "तुमच्या गावाचा रोग तुमी आमच्या दारात ढकलला. माझी कपिली गाय गेली."

शालन भात्यावरून उठली. ह्या बाजूनं तिनं कधी विचार केला नव्हता. तिला वाटत होतं, अन्याय तिच्या म्हशीवर झाला. पण गाव तर ती म्हैस कुणाच्या तरी दारात सोडून आलं होतं.

"व्हय," ती म्हणाली. "ढकलला. म्याच ववाळलं."

विमलबाई भांडायच्या तयारीनं आली होती. आता तिनं कमरेवरचे हात खाली घेतले.

"गाय किती वेताची हुती?" शालननं विचारलं.

"दुसऱ्या." विमलबाईनं पदरानं नाक पुसलं. "वासरू पोटात हुतं."

ज्योतीराम निखारे सारखे करत राहिला.

"आमी नेणार हाय तिला," शालन म्हणाली. "पर शिंग गावंना. शिंगाबिगर कशी न्यावी?"

विमलबाई आली तशी निघून गेली. दुसऱ्या सुट्टीला ती शिंगाचा पाटा घेऊन आली. तिच्या दादल्यानं तो कोयता घडवायला ठेवून घेतला होता. चांगलं पोलाद होतं ते. एका टोकाला कानस लागलेली होती. तिनं तो भुईवर टाकला.

"घ्या. आन पाऊस पडायच्या आत न्या. वढ्याला पानी आल्यावर मग आमच्याच गळ्यात."

शिंग बसलं त्या दिवशी म्हैस चार पायांवर उभी राहिली. ती पहिल्यासारखी नव्हती. पिंपावर ठिगळं होती, ठोक्यांचे व्रण होते, कानस लागलेलं शिंग दुसऱ्यापेक्षा बोटभर आखूड. ज्योतीराम ते कापून सारखं करायला निघाला. शालननं हात धरला. "ऱ्हाऊ द्या. झालं त्ये दिसू द्या."

ज्योतीरामनं दोन जुनी चाकं आणि आस आणून खाली घातला. मृगाच्या आधी, भर सकाळी, लोक शेतांत नांगरट करत असताना दोघांनी दोर खांद्याला लावले. आडवेळेला न्यावी असं त्याच्या मनात होतं. शालन म्हणाली, चोरी आहे काय.

ओढ्याच्या पात्रात चाकं रुतली. ज्योतीराम मागून रेटत होता, ती पुढून ओढत होती आणि दोर खांद्यात घुसत होता. दोनदा ती गुडघ्यावर आली. बांधावर माणसं नांगर सोडून उभी होती. मदतीला कुणी आलं नाही, आणि अडवायलाही कुणी आलं नाही, कारण ते काम पाटलांचं होतं. पाटील शिवेच्या धोंड्याजवळ आले होते.

"थांब," ते म्हणाले.

शालननं दोर खांद्यावरून काढला नाही. काढला असता तर चाक मागं सरकलं असतं.

"सूनबाई, रीत मोडतीयास तू. उद्या गावात जनावर मेलं तर?"

"मरंल की पाटील. जनावर हाय त्ये. म्हस न्हवती तवाबी मरत हुती."

"लोक तुझ्या दारात येतील."

"येऊ द्यात. दार उघडंच असतंय." तिनं श्वास घेतला. "म्या ववाळून काढली. कुनी सांगितलं म्हनून काढली. आता कुनी सांगत न्हाई, तरी म्या आत घेते. ईडा असंल तर माझ्या घराला लागू द्या. पर दुसऱ्याच्या दारात आपलं टाकायचं न्हाई, एवढं मला कळलंय."

पाटलांनी पलीकडच्या काठाकडं पाहिलं. तिथं विमलबाई आणि वस्तीवरच्या दोन बाया उभ्या होत्या. मग धोंड्यापासून दोन पावलं बाजूला झाले आणि पाठ फिरवून आपल्या शेताकडं चालू लागले. या म्हणाले नाहीत, येऊ नका म्हणाले नाहीत.

"वढा," शालन म्हणाली आणि ज्योतीरामनं मागून खांदा दिला.

पाऊस लागला. विहिरीवर शालन आली की बाया आपले पोहरे वर ओढून घ्यायच्या, तिचा नंबर शेवटी लागायचा. नागपंचमीला तिला कुणी फेर धरायला बोलावलं नाही. त्याआधी आषाढात खालच्या आळीत एक शेळी मेली तेव्हा दोघं दिवसभर दार उघडं टाकून बसली. कुणी आलं नाही. शेळी साप चावून मेली होती, हे त्यांना दुसऱ्या दिवशी कळलं. हिंदुराव धाकट्याशी शेतीपुरतं बोलायचा. दुर्गाबाई अंगण झाडताना म्हशीपर्यंत यायची आणि तिथून मागं फिरायची. तेवढा पट्टा शालन झाडायची.

पोळ्याच्या सुमाराला हिंदुराव चाकणच्या बाजारातून नवी म्हैस घेऊन आला. पहिल्यानं व्यालेली, अंगानं भरलेली, लांबच्या गावची. दुर्गाबाईनं तिच्या पायांवर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला. हिंदुराव दावं बांधायला खुंटा शोधत होता, तेवढ्यात म्हशीनं हिसका दिला आणि ती अंगण ओलांडून तडक पलीकडं गेली. तिला गावातलं काहीच ठाऊक नव्हतं. वाटचालीनं तिच्या मानेला खाज सुटली होती. तिनं लोखंडी म्हशीच्या आखूड शिंगाला मान लावली आणि डोळे मिटून घासू लागली.

हिंदुराव काठी घेऊन धावला आणि मध्येच थांबला. त्यानं बायकोकडं पाहिलं. शालन चुलीपाशी होती, ती उठून दारात आली.

दुर्गाबाई पाण्याची बादली हातात धरून उभी होती. म्हैस घासत होती. तिचं सगळं अंग हलत होतं आणि त्याबरोबर पिंप डुगडुगत होतं. थोड्या वेळानं दुर्गाबाईनं बादली खाली ठेवली. शालन झाडायची त्या पट्ट्यात ती गेली, नव्या म्हशीच्या पाठीवर हात ठेवला, पण तिला मागं ओढलं नाही.

"शालन," ती मागं न बघता म्हणाली, "तुझीचा पाय हालतोय गं. माझीच्या अंगावर पडंल."

"मागला का पुढला?"

दुर्गाबाई वाकली. लोखंडी पायाला हात लावून तिनं तो हलवून पाहिला.

"मागला. डावा."

"धरून ठेवा, आक्का," शालन म्हणाली, आणि आत हातोडा आणायला गेली.